दातगोट्याचं पाणी

झिरीटोल्याच्या बाया दरवर्षी फागुनात गोट्याचे दात कोरायला जातात. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी जागा नाही.

सालेकशाहून जंगलाच्या वाटेनं आत गेलं की हा टोला लागतो. वीसेक घरं, सगळी गोंडांची. टोल्याच्या वरच्या अंगाला एक उघडा खडक आहे, धानाच्या शेतातल्या मोठ्या बांधीएवढा. लांबून वाटतं कुणी पत्ताकोबीचे दगडी गड्डे खेटून मांडून ठेवलेत. एखादा गड्डा फुटलेला असला तर आत पापुद्र्यावर पापुद्रा, कोबीसारखाच. आणि गड्ड्या-गड्ड्यांच्या मधे फटी. कुठे बोटभर, कुठे वीतभर रुंद. पावसाचं पाणी मागच्या डोंगरीत मुरतं, या फटींतून सरकत येतं आणि खडकाच्या पायथ्याशी झिऱ्यात जमा होतं. जेठात सगळे नाले आटून तडकतात तेव्हाही या झिऱ्यात गुंडभर, म्हणजे हंडाभर, पाणी असतं. टोला यावरच जगतो. सरकारी हातपंप आहे, पण त्याचं पाणी लाल. त्यात भात शिजवला तर भातही लाल.

पानगळीत या फटी पाल्यानं आणि गाळानं बुजतात. म्हणून फागुनात बाया बांबूच्या कामट्या घेऊन येतात, खडकावर पालथ्या पडतात आणि एकेक फट कोरून साफ करतात. शेवटच्या फटीत एक मोहफूल ठेवायचं आणि घरी जायचं. खडकाचं नाव दातगोटा. या सगळ्या कामाची मुख्य बाई धनवंता. नवरा कधीचाच गेला, सून खुशबू आणि ती अशा दोघी घरात. मुलगा रायपूरकडे कामाला. धनवंताबाईचा हात लांब आणि बारीक, कोपरापर्यंत फटीत जातो.

"काऊन करता बाई असं?" मी एकदा विचारलं होतं.

"तुमच्या दातात सुपारी अडकली तं तुमी काडी घालता का नाई जी? मंग?"

माझं सालेकशाला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शिक्षण म्हणाल तर बारावी नापास, बाकी जे वाचलं ते रद्दीतून. त्यामुळे कुणाची भीड ठेवायची सवय लागली नाही.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात तिलक पटले दुकानात आला. फुलचूरचा, आमच्याच पवार जातीतला पोरगा, शाळेत माझ्याबरोबर होता. तो नागपूरला भूगर्भशास्त्रात संशोधन करत होता. म्हणाला, "ओमेश्वर, तुझ्याकडच्या जंगलात गड्ड्यागड्ड्यांचा खडक आहे म्हणतात, दाखव." मी नेला. खडक पाहिला आणि हा माणूस बूट काढून गुडघ्यांवर बसला. मग एक फुटका गड्डा त्यानं जिभेनं ओला केला आणि भिंगातून पाहू लागला.

पाणी भरणाऱ्या बाया गुंड खाली ठेवून पाहतच राहिल्या. "पाय वो, हा मास्तर गोटा चाटून राहिला!" असं म्हणून खुशबू इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं.

तिलकही हसला. चांगला माणूस आहे, ते मी शेवटपर्यंत म्हणेन. ओला केला की पापुद्रे स्पष्ट दिसतात, असं सांगत त्यानं बायांना जवळ बोलावून भिंग दिलं. मग जे सांगितलं ते मी आजही तसंच्या तसं सांगू शकतो.

शंभर कोटी वर्षांच्या वर झाली असतील, इथं समुद्र होता. उथळ, कोमट, गुडघ्या-कमरेएवढा. तळाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं शेवाळासारखं चिकट पांघरूण होतं. भरतीच्या पाण्यातला बारीक गाळ त्यावर बसायचा. गाळ बसला की ऊन मिळेना, म्हणून ते शेवाळ गाळातून वर सरकायचं आणि नवं पांघरूण पसरायचं. पुन्हा गाळ, पुन्हा पांघरूण. असा एकेक पापुद्रा चढत गड्डे झाले, उन्हाकडे तोंड करून वाढलेले. त्यांची ही दगडी वसाहत झाली, प्रवाळांच्या आधीची. त्याला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. गड्ड्यांच्या मधून लाटा ये-जा करायच्या, म्हणून तिथं गड्डा धरला नाही. नुसता चुरा पडला. तो चुरा मऊ होता, पुढे पाण्यानं विरघळत गेला आणि फटी उघड्या पडल्या.

"म्हनजे पानी तवाच्याच रस्त्यानं येऊन राहिला," धनवंताबाई म्हणाली.

"अगदी तसंच. समुद्र गेला, पण पाण्याची वाट राहिली."

"मासोळ्या असतील गा लय?"

"एकही नव्हती. मासा नाही, खेकडा नाही, गोगलगायसुद्धा नाही. कुरतडून खाणारं कोणीच जन्मलं नव्हतं बाई, म्हणून तर हे एवढं वाढलं. पुढे खाणारे आले आणि यांचं राज्य संपलं."

"हं," ती म्हणाली. "खानारे आले का संपतेच."

तिलकनं नागपूरला जाऊन लेख लिहिला आणि कलेक्टर ऑफिसला अर्ज केला की हा ठेवा मोलाचा आहे, याचं संरक्षण व्हावं. मनापासून केला. पण आपल्याकडे संरक्षण हा शब्द टेबलाटेबलावरून खाली घसरताना कसा झिजतो ते पाहा. वरच्या टेबलावर त्याचं झालं संवर्धन, मधल्या टेबलावर विकास, आणि वर्षभरानं झिरीटोल्याला पोचला तेव्हा त्याचं सौंदर्यीकरण झालेलं होतं. काम मिळालं मोहनलाल शेठला. गोंदियाचा ठेकेदार, रस्ते, नाल्या, समाजमंदिरं बांधणारा. खडक म्हणजे त्याला अर्थातच अपुरं बांधकाम वाटलं.

मी पोचलो तेव्हा त्याचे मजूर बादल्यांतून संडास धुवायचं अ‍ॅसिड दातगोट्यावर ओतत होते. फसफस आवाज येत होता, पांढरा फेस वर येत होता.

"शेठजी, हे काय चाललंय?"

"सफाई! देख ना ओमेश्वर, कितना मैल निकल रहा है. बरसों से किसी ने धोया नहीं."

"मैल नाही तो! चुनखडी आहे, ती अ‍ॅसिडमधे विरघळते. तुम्ही खडक धुवून नाही, विरघळवून राहिले!"

"थोडा तो घिसेगा ही. चमकना चाहिए ना."

शंभर कोटी वर्षं ऊन, पाऊस, भूकंप सोसून जे टिकलं ते एका दुपारी फेस होऊन नालीत गेलं. सगळं नाही गेलं, वरचे पापुद्रे गेले. त्या पापुद्र्यांवर तिलकनं भिंग ठेवलं होतं.

मग डायनासोर आला. सिमेंटचा, हिरव्या ऑइलपेंटचा, खडकाच्या अगदी टोकावर. मी म्हटलं, शेठजी, डायनासोर या खडकानंतर कितीतरी कोटी वर्षांनी जन्मला, हा खडक झाला तेव्हा जगात पाय असलेलं काहीच नव्हतं. तर म्हणे, "पब्लिक को कुछ दिखना चाहिए. पत्थर देखने कौन आयेगा? जीवाश्म बोले तो डायनासोर, बच्चे बच्चे को मालूम है." मूर्तिकार बिचारा देवीच्या मूर्ती करणारा. त्यानं डायनासोर कधी पाहिला नव्हता, बैल पाहिला होता, म्हणून त्या जनावराला झकास वशिंड आलं. शेजारी दोन पेंग्विन बसवले, पोटात कचरापेटी, गळ्यात पाटी, 'मला वापरा'. झिरीटोल्यात कचरा होतच नाही. तिथं जे उरतं ते शेळ्या खातात.

इथवर मी हसत होतो, खोटं कशाला बोलू. पण उद्घाटनाच्या आठ-दहा दिवस आधी मजुरांनी सगळ्या फटींत सिमेंट भरायला घेतलं. बारीक गिट्टी, वरून सिमेंटचा घोळ, वरून घोटाई. गड्ड्यांची नुसती टकली उरली. बाकी सपाट.

"हे कशाला?"

आता मोहनलाल शेठचा आवाज खरंच गंभीर झाला. "साहब लोग आ रहे हैं. चलते चलते किसी का पैर फस गया तो? कौन जवाब देगा, तू?"

एखाद्या साहेबाचा पाय अडकू नये म्हणून. बस, एवढंच कारण. टोल्यातल्या बायका शेकडो वर्षं त्या खडकावर डोक्यावर गुंड घेऊन चालल्या, कुणाचा पाय अडकला नाही, अडकला असेल तर त्याचा जवाब कुणी मागितला नाही. साहेब आले. गेरू-चुना मारलेल्या वाटेनं चालले, डायनासोरपाशी फोटो काढला, नारळ फोडला आणि पाऊण तासात परत गेले. त्यांच्यातल्या एकानंही दातगोट्याकडे मान खाली करून पाहिलं नाही.

ते गेले आणि एक बोर्ड उरला. फागुनात बाया कामट्या घेऊन आल्या तेव्हा खुशबूनं तो मोठ्यानं वाचला. 'या जीवाश्मांना हात लावू नये. हात लावणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.'

फागू त्यांच्याबरोबर होता. धनवंताबाईचा दीर, टोल्याचा जाणता माणूस. तरुणपणी जळाऊ लाकडापायी वनखात्यानं धरला होता, तेव्हापासून बोर्ड दिसला की त्याची मान आपोआप खाली जाते. तो म्हणाला, "चला घरी. बोर्ड लागला म्हनजे आपला सपला."

"दात कोराचे नाई?" धनवंताबाईनं विचारलं.

"कोनाचे दात? आता ते सरकारचे दात हायेत."

आणि त्या परत गेल्या. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. ठेकेदाराची येते ती वेगळी. ही माणसं बोर्ड मानतात, यांच्याइतका बोर्ड या देशात कोणी मानत नाही, आणि म्हणूनच जो येतो तो यांच्याच दारात बोर्ड ठोकतो.

चैत्रात झिरा बारीक झाला. टोल्यानं काय समजावं? की आपण दात कोरले नाहीत म्हणून दातगोटा रुसला. फागूनं कोंबडा दिला. पाणी आणखी कमी झालं, मग दुसरा दिला. सिमेंटचा संशय कुणालाच आला नाही, कारण सिमेंट सरकारी होतं आणि चूक नेहमी आपली असते हे त्यांना पिढ्यान्पिढ्या शिकवलेलं आहे.

वैशाखात धनवंताबाई पायी सालेकशाला आली, दुकानात बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "ओमेश्वरभाऊ, एक पंप लावून दे. झिऱ्यातून पानी वढून काढ."

"झिऱ्यात असेल तर काढीन ना."

"आत असंल. बाहीर येत नाई." मग हळूच म्हणाली, "वनवाले कालच येऊन गेले. दरवर्षी म्हनतात, सडकेकडे चला, इथं का ठेवलं? मी म्हनतो, पानी हाये. आता का म्हनू जी?"

तिच्याकडे सांगायला तेवढंच होतं. पट्टा नाही, कागद नाही, वर कोणी ओळखीचा नाही. पानी हाये, या दोन शब्दांवर टोला तिथं उभा होता.

मी गाडीवर तिला घेऊन गेलो. झिऱ्याचा तळ तडकला होता, त्यात एक बेडूक वाळून चिकटला होता. वर जाऊन पाहिलं. फटीन् फट गच्च. सिमेंटवर कान ठेवला. सांगतोय ते खरं आहे, मोटारीच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस आहे मी, खाली काहीतरी होतं. पाझर होता. मी तिथूनच तिलकला फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी आला. खडक पाहून एका पेंग्विनच्या डोक्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"मी संरक्षण करा म्हटलं होतं रे," तो म्हणाला.

"हे तेच आहे. पावतीसकट."

तो माझ्यावरच ओरडला, मग उठून कलेक्टर ऑफिसात गेला. तिथं सांगण्यात आलं की काम पूर्ण होऊन ताब्यात घेतलेलं आहे, आता त्यातलं काही तोडायचं तर तांत्रिक मंजुरी लागेल, प्रस्ताव पाठवा, पावसाळ्यानंतर बघू. परत येऊन त्यानं झाडाखाली जमलेल्या टोल्याला हे जसंच्या तसं सांगितलं. "मी पुन्हा अर्ज करतो. यावेळी वरपर्यंत."

"नोको करू बापा," धनवंताबाई म्हणाली. "एका अर्जात एवढा झाला, दुसऱ्या अर्जात का होईल?"

कोणी हसलं नाही. तिलकसुद्धा नाही.

"कोरू," ती म्हणाली. "फागुनात राहून गेले ते आता कोरू."

"आतमदी टाकतील," फागू म्हणाला.

"तिथं पानी भेटते ना? मंग बरा हाये."

मी म्हटलं, रात्री करू, जनरेटर आणतो, सकाळपर्यंत मोकळं होईल. तिनं नकाराची मान हलवली. "चोर रातीला येतात जी. ते लोक तं दिवसा आले होते."

आणि दिवसाच केलं. मी जनरेटर आणि लहान कटर नेला, बायांनी छिन्न्या-हातोड्या. तिलक हातात खडू घेऊन पालथा पडला. एकेका गड्ड्याची कड बोटानं चाचपून तो रेघ मारत होता आणि कळवळून सांगत होता, "रेघेच्या आत नको, रेघेच्या आत गड्डा आहे, बाहेर सिमेंट आहे. हळू, माय, हळू!" सरकारनं ज्या माणसाला कधी विचारलं नाही, तो माणूस पहिल्यांदा आपल्या खडकाचं संरक्षण करत होता. फागू दूर उभा राहून बोर्डाकडे पाहत होता. मग तो सावकाश गेला, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बोर्डावर टाकला.

"आता तो पायत नाई," म्हणाला, आणि छिन्नी मागितली.

पाणी लगेच आलं नाही. नळ नव्हे तो. सबंध दिवस आम्ही खपलो, मुख्य फटी मोकळ्या झाल्या, आत फक्त ओल. बायांनी तुकडे टोपल्यांनी वाहून डायनासोरच्या पायाशी रचले. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिलक नखं खात होता. सिमेंटचा घोळ खोलवर गेला असेल तर वाट कायमची बंद, असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला, आणि ते धनवंताबाईला सांगायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती. ती कामटी घेऊन एकटीच कोरत राहिली, दंडापर्यंत हात आत.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुशबू धावत आली. झिऱ्यात ओंजळभर पाणी होतं. सिमेंटच्या पाण्यानं आधी पांढरट, मग दुपारपर्यंत स्वच्छ. धनवंताबाईनं शेवटच्या फटीत मोहफूल ठेवलं. हंगाम गेलेला, म्हणून वाळलेलं.

चौथ्या दिवशी पोलीस आला. तक्रार होती सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची, नाव धनवंताबाईचं. अ‍ॅसिड ओतलं तेव्हा नुकसान नव्हतं, फटी बुजवल्या तेव्हा नव्हतं, खडकाच्या डोक्यावर वशिंडाचा डायनासोर बसवला तेव्हा नव्हतं. एका बाईनं कोरल्यावर मात्र झालं. हवालदार वयस्क होता, वाईट नव्हता, उन्हानं लालबुंद झालेला. खुशबूनं तांब्या दिला. तो घटाघट प्याला, आणखी मागितला.

"गोड आहे हो पाणी. कुठलं?"

"इथलंच," मी म्हटलं. "लिहा तसं."

त्यानं पंचनामा लिहिला. खुशबूनं तो वाचून दाखवला, कारण त्याशिवाय तिची सासू अंगठा देणार नव्हती. 'सदर इसमांनी केलेल्या तोडफोडीमुळे जीवाश्मातून पाणीगळती सुरू झाल्याचे दिसून आले. तरी सदर गळती तात्काळ बंद करणे आवश्यक आहे.'

मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. हवालदार खाली मान घालून म्हणाला, "वरून सांगतात तसं फॉर्मात लिहावं लागतं." त्याच्या मिशीवर अजून त्या गळतीचे थेंब होते. धनवंताबाईनं अंगठा दिला नाही. त्यानं 'अंगठा देण्यास नकार' लिहिलं आणि गेला.

गळती बंद करायचं काम कोणाला मिळालं ते सांगायची गरज आहे का? आठवड्याभरात मोहनलाल शेठचा ट्रक आला, मागे सिमेंटची पोती, वर मजूर. शेठ स्वतः पुढे बसलेला.

दातगोट्यावर टोल्यातल्या सगळ्या बाया बसल्या होत्या. नारे नाहीत, बॅनर नाही. हातात बिडीच्या तेंदूपानांचे गठ्ठे, पुडे बांधणं चालू. एकेका फटीपाशी एकेक बाई, आणि प्रत्येकीचे दोन्ही पाय फटीच्या आत, पोटरीपर्यंत, पाण्यात. वर तिलक बसला होता आणि त्याचे पायही आतच होते. त्याला गारठ्यानं शिंका येत होत्या. आमच्या गोंदियाच्या वैशाखात!

शेठ उतरला, पोट सावरत वर आला. आधी समजावलं, मग केसची भीती घातली, मग ओरडला. पुडे बांधणं थांबलं नाही.

"अरे बाई, काम करने दो! पैर निकालो!"

धनवंताबाईनं पुड्याला गाठ मारली, तो बाजूला ठेवला आणि तोंड वर केलं.

"फसले जी," ती म्हणाली. "आता कोन जवाब देईल?"